घरात खाऱ्या पाण्याची मोठी प्रवाळ-टाकी लावताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो माशांचा. कोणते ठेवू, किती ठेवू, निळा तो कुठे मिळेल? या कामात मासे फार उशिरा येतात. त्याआधी येते जमीन, मग वीज, मग गारवा, मग पाणी, आणि मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. हा क्रम उलटा केला की त्याची किंमत पिशवीतून आलेला जीव मोजतो, म्हणून लेखही त्याच क्रमानं लिहिला आहे.

माझी टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेली आठ वर्षं ती चालू आहे. खालची सगळी आकडेमोड याच मापाच्या टाकीची आहे. 'पहिलीच टाकी आणि एवढी मोठी कशाला?' असं घरचे म्हणतील. पण जास्त पाणी असलं की चुकीचा परिणाम हळू होतो. पन्नास लिटरच्या टाकीत एक मासा रात्री मेला तर सकाळपर्यंत अख्खं पाणी नासू शकतं, सहाशे लिटरमध्ये तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. जागा आणि खर्च झेपत असेल तर नवख्यानं मोठीच लावावी, असं माझं मत आहे.

काही विकत घेण्याआधी: कायदा

आपल्याकडे हा छंद करणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. रीफ, म्हणजे प्रवाळभित्ती, बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आली. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि पंख्यासारखे सी फॅन त्यांच्याच सोबत आले. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत प्रवाळ. मेलेलं, वाळलेलं, शोकेसमध्ये ठेवायचं प्रवाळही त्यात आलं. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. तेव्हा मालवणहून, लक्षद्वीपहून किंवा तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून कुणी 'एक छोटा तुकडा' आणून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

परदेशातून आयात झालेल्या कठीण प्रवाळांना साईट्स हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. त्या कराराच्या यादीतला जिवंत प्राणी घरी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची, असा नियम २०२४ साली आला. विकणाऱ्याकडे आयातीचे कागद नसतील तर वस्तू कितीही देखणी असली तरी घेऊ नका, आणि शंका असेल तर आधी वनखात्याकडे विचारा. मी स्वतः फक्त मऊ प्रवाळं ठेवतो: मशरूम, लेदर, स्टार पॉलिप. एकेकाची पावती फाइलमध्ये लावलेली आहे. नवख्याला हीच सोपीही पडतात.

खरं रीफ पाहायचं असेल तर मालवणला जा. १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य तिथे आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात मास्क लावून तोंड बुडवलं की जिवंत प्रवाळ दिसतं. हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही. टाकी लावण्याआधी एकदा हे पाहून आलात तर आपण घरात कशाची काळजी वाहणार आहोत ते नीट उमगेल.

जमीन

वजन मोजू. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे वीस घनफूट, साधारण ५६५ लिटर. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, लिटरला सव्वा किलो नाही पण १.०२५ किलो. काच सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालच्या टाकीतलं पाणी धरलं की एकूण नऊशे किलोपर्यंत जातं, आणि हे सगळं जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला चालता भार चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो आहे. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब खचेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो आणि खोलीत इतरत्र मोकळी जागा असते. पण खोलीच्या मधोमध ठेवणं आणि बीमवर, भिंतीला लागून, बीमच्या लांबीच्या दिशेनं ठेवणं यात फार फरक आहे. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. इमारत जुनी असेल, गळती असेल, कुणी आधी भिंत पाडलेली असेल, तर हे टाळूच नका. सोसायटीला लेखी कळवा आणि खालच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा.

स्टँड चौकोनी एमएस पाइपचा, पावडर कोटिंग केलेला. नुसता ऑइल पेंट खाऱ्या हवेत लवकर सोलतो आणि गंज आतून खातो. वर मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची पाऊण इंची शीट, मग टाकी. स्टँड ठेवल्यावर मिस्त्रीची लेव्हल नळी लावून चारही कोपरे तपासा. रिकामी टाकी कलती असेल तर दुरुस्त करता येते, भरलेली नाही.

टाकी आणि तिच्या पोटातली टाकी

दोन फूट उंचीसाठी १२ मिमी काच हवी आणि वरच्या कडेनं आडव्या पट्ट्या हव्यात. समोरची काच कमी लोहाची घेतलीत तर हिरवट झाक जाते, पण तो चैनीचा भाग झाला. करून घेतानाच मागच्या बाजूला ओव्हरफ्लो बॉक्स आणि भोकं पाडून घ्या. नंतर भरलेल्या टाकीला भोक पाडता येत नाही.

पाणी ओव्हरफ्लोमधून खाली स्टँडमधल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. हिला सगळे संप म्हणतात. तिथे गाळलं जातं, फेस काढला जातो, गार होतं, आणि पंपानं परत वर जातं. उतरणाऱ्या पाइपांची रचना नीट समजून घ्या, कारण पूर येतो तो इथेच. मी तीन पाइप ठेवले आहेत: एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला वेग ठरवायला गेट व्हॉल्व्ह, दुसरा ज्यातून थोडंसंच पाणी जातं, आणि तिसरा कोरडा, इतर दोन तुंबले तरच वाहणारा. एखादी गोगलगाय जाऊन पाइपात बसते तेव्हा हा तिसरा पाइप हॉल वाचवतो. भोकांत बसवायच्या जोडाला आपले प्लंबर टँक निपल म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात तो त्याच नावानं मागा. जोड पीव्हीसीचे घ्या. पितळी काही नको, कारण पितळात तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात सुटलेलं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारतं.

टाकी लागली की आधी साध्या नळाच्या पाण्यानं भरा, पंप चालवा, आणि मग मुद्दाम मेन स्विच बंद करा. वरचं पाणी उलटं खाली यायला लागेल. संपमध्ये ते सगळं मावलं पाहिजे. मावलं नाही तर संपची पातळी कमी ठेवा, आणि परतीच्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटं भोक पाडा. पातळी तिथे आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ही चाचणी दहा वेळा करा. नंतर महिन्यातून एकदा ते भोक साफ करत जा, त्यावर शेवाळ धरतं.

परतीचा पंप तासाला टाकीच्या तीन-पाचपट पाणी फिरवणारा पुरतो. खरी लाट आतल्या वेव्हमेकरनं येते. दोन-तीन वेव्हमेकर मिळून तासाला टाकीच्या वीस-तीसपट पाणी हललं पाहिजे, आणि ते एका दिशेनं सतत मारून चालत नाही. प्रवाळ जागचं हलत नाही. त्याला अन्न, प्राणवायू, आणि अंगावरची घाण धुऊन जाणं, हे सगळं पाण्याच्या हालचालीतून मिळतं.

वीज आणि गारवा

टाकीसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, वेगळी लाइन ओढून घ्या, त्यावर एमसीबी आणि वीज गळताच लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली एक झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकेल आणि सॉकेटमध्ये जाणार नाही. प्लगपट्टी संपच्या वर कधीच लावू नका. खारं पाणी वीज फार चांगली वाहतं, आणि तुमचे दोन्ही हात त्यात कोपरापर्यंत असणार आहेत.

आता गारवा. आपल्याकडे टाक्या सगळ्यात जास्त इथेच हरतात. रीफच्या टाकीचं पाणी २५ ते २६ अंशांवर हवं. मे महिन्यात डोंबिवलीच्या खोलीत ३२-३३ अंश असतं, आणि पंप व दिव्यांची उष्णता त्यावर अंशभर चढते. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं आणि उजेडापासून साखर करून त्याला खायला घालतं. पाणी तापून राहिलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली होती. समुद्रात जे झालं ते तुमच्या हॉलमध्ये एका दुपारीही होऊ शकतं.

त्यामुळे चिलर लागतोच. सहाशे लिटरला अर्धा एचपी. हा चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, म्हणून तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकत राहतो. त्याला मोकळी हवा द्या, जमल्यास बाल्कनीत सावलीत, आणि जाळी दर महिन्याला झाडा. पाण्यावर पंखा मारून गार करायचा उपाय पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरवतो. कोकणपट्टीत, विशेषतः पावसाळ्यात, हवेतच इतकी वाफ असते की पाणी नीट उडत नाही आणि पंखा फुकट फिरतो.

बिलाचा अंदाज आधीच घ्या. दिवे, पंप, वेव्हमेकर, फेस काढणारा स्किमर आणि उन्हाळ्यात चिलर मिळून माझ्याकडे दिवसाला दहा युनिटच्या आसपास जातात, म्हणजे महिन्याला तीनशे. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात, तेव्हा हे तीनशे तुमच्या नेहमीच्या वापरावर चढून महागड्या टप्प्यात पडतात. घरात हे आधी बोलून घ्या.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, तेव्हा माझ्याकडे फक्त दिव्या-पंख्यांचा इन्व्हर्टर होता. टाकीला त्याची लाइन नव्हती. दोन तासांत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी आणि माझी मुलगी आळीपाळीनं मगानं पाणी काढून उंचावरून ओतत बसलो, हात भरून आले तरी थांबलो नाही. मासे वाचले, एक मोठं लेदर दोन आठवडे मिटून बसलं होतं. वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू; तापमान त्यानंतर चढतं. आता एक वेव्हमेकर कायम इन्व्हर्टरवर आहे आणि बॅटरीवर चालणारे दोन हवापंप ड्रॉवरमध्ये. हे तुम्ही पहिल्या दिवशीच करा.

पाणी

नळाचं पाणी नको. त्यात क्लोरीन असतं, आणि शेवाळाला पोसणारे फॉस्फेट, सिलिकेट असतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर विचारायलाच नको. स्वयंपाकघरातला आरओही पुरत नाही, कारण चव यावी म्हणून त्यात थोडे क्षार ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. हवं ते आरओनंतर, उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं पाणी. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवत नाही तोवर ते पाणी टाकीत घालायचं नाही. साध्या घरगुती मेंब्रेनवर सहाशे लिटर जमवायला तीन-चार दिवस लागतात, आणि एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया जातं. ते वाया जाणारं पाणी पिंपात साठवा. लादी, कपडे, संडास, सगळ्याला चालतं.

चौपाटीवरून समुद्राचं पाणी का आणू नये, हा प्रश्न दर वेळी येतो. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिळतं, खाड्यांमधून गाळ येतो, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं खारटपणा उतरतो. तीच गोष्ट वाळूची. किनाऱ्यावरची वाळू, शंख-शिंपले, दगड, काहीही नको.

मीठ रीफसाठीच बनवलेलं घ्या. स्वयंपाकाच्या मिठात सोडियम क्लोराइडच असतं. समुद्रात त्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कितीतरी घटक ठरलेल्या प्रमाणात असतात. लिटरला साधारण ३८ ग्रॅम पडतं, म्हणजे पहिल्या भरण्याला २३ किलोच्या आसपास, एक मोठी बादली. वेगळ्या पिंपात पंप लावून दिवसभर ढवळा. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), सापेक्ष घनता १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हवा, आणि तो ३५ पीपीटीच्याच प्रमाणित द्रावणानं जुळवा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर वर जाऊन दोन-तीन अंक चुकू शकतो.

रोजचं एक गणित पक्कं लक्षात ठेवा: उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्या टाकीतून दिवसाला सहा-सात लिटर उडतं. त्या जागी नेहमी गोडं, शून्य टीडीएसचंच पाणी भरायचं. उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ लावा, पण त्याचा साठा दहा-पंधरा लिटरच ठेवा. सेन्सर अडकला तरी मग तेवढंच पाणी येईल, आख्खं पिंप ओतलं जाणार नाही.

दगड, वाळू आणि वाट पाहणं

पूर्वी समुद्रातून काढलेला जिवंत दगड वापरत. तो बहुतेक मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, म्हणजे वरचा कायदा त्यालाही लागतो. आता सिरॅमिकचे आणि कृत्रिम, सच्छिद्र दगड मिळतात. ३५-४० किलो पुरतात. सिमेंटचे असतील तर आठवडेच्या आठवडे पाणी बदलत भिजवा, नाहीतर ते पाण्याचा पीएच वर चढवत राहतात. रचना काचेच्या तळावर आधी पक्की बसवा, मग भोवती अॅरॅगोनाइटची वाळू दोन इंच. वाळूवर दगड ठेवलात तर खणणारा मासा किंवा कोळंबी खालून पोखरते आणि दगड समोरच्या काचेवर येतो. दगड काचेला टेकवू नका, मागून पाणी फिरलं पाहिजे आणि काच घासायला हात गेला पाहिजे. भिंतीसारखी रास टाळा. कमानी, गुहा, मधे मोकळी जागा ठेवा.

आता टाकीत काही दिसणार नाही असे पाच-सहा आठवडे. याच काळात टाकी जिवंत होते. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्यांची वाढ धीमी असते. मासा घालून ही वस्ती वसवायची जुनी पद्धत क्रूर आहे, ती करू नका. बाटलीतले जिवाणू घाला, अमोनियम क्लोराइडनं अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) न्या, आणि एक दिवसाआड टेस्ट किटनं मोजा. आज घातलेला २ पीपीएम अमोनिया उद्या शून्य, आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीनदा झालं की वस्ती बसली. मग एक मोठा पाणीबदल.

यानंतर टाकी कुरूप होते. आधी तपकिरी पूड सगळीकडे पसरते, तो डायटम. मग हिरवे केस, कधी लालसर बुळबुळीत थर. नवखे इथे घाबरतात आणि बाटल्या ओतायला लागतात. ओतू नका. नव्या दगडावर मोकळी जागा आहे आणि जो आधी येतो तो पसरतो, एवढंच घडत असतं. दिवे सहा तासांवर आणा, हातानं शेवाळ उपटा, टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी सोडा, आणि तीन-चार महिने धीर धरा. एक सावधगिरी: नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्ट करू नका. पाणी पोषणाविना निचरून गेलं की डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव माजतात, आणि ते हिरव्या केसांपेक्षा फार चिवट. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, हे बरं.

मासे, अखेर

पहिला मासा टाकीत जाण्याआधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर राहतो. ऐंशी-शंभर लिटर, तळाला वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे, आणि मोठ्या टाकीच्या संपमध्ये आधीपासून मुरवलेला स्पंज फिल्टर. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि त्याहून वेगानं मारणारा वेल्व्हेट हे दोन्ही परजीवी नव्या माशासोबत येतात. त्यांच्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांच्या टाकीत घालताच येत नाही. एकदा रोग मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. महिनाभराचं विलगीकरण त्यापुढे काहीच नाही.

सुरुवात ओसेलॅरिस क्लाउनफिशच्या जोडीनं करा, आणि ती टाकीत पैदास झालेलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं आपल्याकडे क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानानंही शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचं काम हाती घेतलं. असा मासा तयार खाणं खातो, काचेला घाबरत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी रीफवर जाळं किंवा सायनाइड मारलेलं नसतं. त्याला समुद्रफूल (अॅनिमोनी) लागतंच असं नाही. नव्या टाकीत समुद्रफूल आणूच नका. ते चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकतं आणि मरताना सगळं पाणी नासवतं.

त्यानंतर महिन्याला एक-दोन: फायरफिश, रॉयल ग्रामा, शेवाळ खाणारी ब्लेनी, क्लीनर कोळंबी. भांडकुदळ सगळ्यात शेवटी. फायरफिश उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळी हवीच. पाच फुटांत कोले टँगसारखा एखादा लहान टँग राहू शकतो. निळा टँग मात्र नको. मुलं त्याच्यासाठी हट्ट धरतात, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला याहून कितीतरी मोठी जागा लागते. मँडरिनही नको, तो कोपेपॉड हे बारीक जिवंत जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

खायला गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), आणि बाजारातली ताजी कोळंबी किंवा माकूल बारीक चिरून, धुऊन, आधी गोठवून. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

प्रवाळ

टाकी चार-पाच महिन्यांची झाली, गुलाबी-जांभळा चुनखडी थर दगडांवर दिसायला लागला, की पहिलं मऊ प्रवाळ आणा. मशरूम सावलीत खाली, लेदर मध्यावर, स्टार पॉलिप वेगळ्या एकट्या दगडावर, कारण ते पसरलं की सगळं झाकून टाकतं. दिवे निळसर एलईडी, दिवसाला आठ तास. नवं प्रवाळ आधी तळाशी ठेवा आणि दोन आठवड्यांत वर चढवा. प्रत्येक प्रवाळ आणल्यावर डिपमध्ये, म्हणजे किडे काढायच्या द्रावणात, बुडवून किडे झाडा.

झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग फार सुंदर असतात आणि सहज मिळतात, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना हात लावू नका, हाताला जखम असेल तर अजिबात नाही. झोअँथिड लागलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका, घासू नका. वाफेतून ते विष फुप्फुसात जातं आणि अशा प्रकारे अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेलेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन, झोअँथिड ठेवूच नका.

आठवड्याला एकदा मोजायचं: क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम ४२० ते ४४० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० ते १४०० पीपीएम. मऊ प्रवाळांच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बहुतेक भागतं. क्षारता उतरलीच तर सहाशे लिटरला एक डीकेएच चढवायला सुमारे १८ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. शुद्ध खाण्याचा सोडाच, पापडखार किंवा बेकिंग पावडर नव्हे. शून्य टीडीएसच्या पाण्यात विरघळवून वेव्हमेकरसमोर हळूहळू घाला, आणि दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नाही. जुने जर्मन हौशी कालकवासर वापरत, ती म्हणजे आपली चुन्याची निवळी. आजही ती चांगलीच उपयोगी पडते, कारण तिच्यातून कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही एकदम मिळतात. पण पानाचा चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, आणि ती थेंबाथेंबानं सोडा. तिचा पीएच बाराच्या वर असतो, डोळ्यांत गेली तर इजा होते.

एक वही ठेवा. तारीख, तापमान, खारटपणा, क्षारता, काय घातलं, काय बदललं. काही बिघडलं की स्मरणशक्तीपेक्षा वहीच कामाला येते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा.

गावाला जाताना

गणपतीत आम्ही आठवडाभर कणकवलीला असतो, आणि टाकी मागे राहते. जाण्याच्या किमान दहा दिवस आधीपासून टाकीत नवा जीव, नवं यंत्र, नवी सेटिंग काही नाही. आदल्या दिवशी स्किमरचा पेला धुतो, टॉप-ऑफचा साठा भरतो, चिलरची जाळी झाडतो. शेजारच्या काकूंना किल्ली देतो आणि गोळ्यांच्या डबीत वारानुसार रोजचं खाणं मोजून ठेवतो, कारण मासे काचेशी येऊन नाचले की प्रेमळ माणसाचा हात सैल सुटतो. टॉप-ऑफचा साठा रोज गोड्या पाण्याच्या कॅननं खुणेपर्यंत भरायचा, एवढं एक काम त्यांना आधी दोनदा माझ्यासमोर करून दाखवायला सांगतो. स्विचबोर्डवर मराठीत चिठ्ठ्या आहेत: कोणता कशाचा, कोणता कधीच बंद करायचा नाही. चिलरच्या डिस्प्लेवर २७ च्या वर आकडा दिसला तर लगेच फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि बॅटरीचे दोन हवापंप ड्रॉवरमधून काढून, नळ्या लावून, टाकीच्या शेजारी तयार ठेवलेले असतात.